राखण कुणाची, पैसा कुणाचा?

गेले वर्षभर आम्ही पोलीस चौकीसाठी निधी मागत जिल्ह्याच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, असे सांगितले की चळवळीतले मित्र चमकून बघतात. "पोलिसांसाठी? आणि तुम्ही?" हा प्रश्न बहुतेक वेळा टोमणा असतो, पण त्या टोमण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच हा लेख. आम्ही काय मागितले, कुणाकडे मागितले, कोणता पैसा नाकारला आणि का नाकारला, हे तरुण कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. उद्या तुमच्याही तालुक्यात हा प्रश्न येणार आहे आणि तेव्हा गोंधळ उडता कामा नये.

आधी परिस्थिती सांगतो. आम्ही काम करतो तो पट्टा मराठवाड्यातला, तालुक्याच्या गावापासून चौदा-पंधरा किलोमीटर आत. अकरा गावे. जवळपास प्रत्येक गावाच्या कडेला बौद्ध वस्ती, काही ठिकाणी मातंग वस्ती. या अकरा गावांना मिळून एक पोलीस दूरक्षेत्र, लोकांच्या भाषेत चौकी. पत्र्याची एक खोली, एक हवालदार, एक शिपाई. सरकारी वाहन नाही. महिला पोलीस नाही. पावसाळ्यात पत्रा गळतो म्हणून नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली आम्ही स्वतः पाहिली आहे. रात्री आठनंतर बहुधा कुलूप, कारण हवालदारांना तालुक्याच्या ठाण्यात बंदोबस्ताला बोलावलेले असते.

या पट्ट्यातल्या एका गावात भीमजयंतीच्या मिरवणुकीवरून तणाव झाला. डीजेचा आवाज हे निमित्त. खरा राग होता तो मिरवणूक गावच्या मुख्य रस्त्याने गेली याचा. त्या रात्री वस्तीवर दगड आले. दोघांची डोकी फुटली. ११२ क्रमांकाला फोन लागला, पण गाडी पोहोचायला दीड तास लागला. दुसऱ्या दिवसापासून वस्तीचे दळण गिरणीत घेईनात. डेअरीवर दूध परत पाठवले. गुन्हा नोंदवण्यासाठी तालुक्याच्या ठाण्यात आमचे तीन दिवस गेले. ही कहाणी नवी नाही. गावाचे नाव बदला, सालाचा आकडा बदला, बाकी सगळे तेच.

त्यानंतर विहारात बैठक झाली. चौकीला गाडी, महिला पोलीस, रस्त्यावर आणि पुतळ्याजवळ सीसीटीव्ही यांसाठी निधी मागायचा, असा विषय आम्ही मांडला. एक पदवीधर तरुण ताडकन उभा राहिला. "रमाबाई नगरात गोळ्या कुणी घातल्या? परभणीत सोमनाथ सूर्यवंशी कुठून घरी परतला नाही? आणि आपण त्यांना गाड्या मागून द्यायच्या?"

त्याचे एकही वाक्य खोटे नव्हते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात पकडला गेलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाचा आदेश यावा लागला. हे सारे माहीत असताना पोलिसांच्या हातात आणखी साधने कशाला द्यायची?

त्याला उत्तर आम्ही दिले नाही. सत्तरीच्या एका आजींनी दिले. त्यांच्याच नातवाचे डोके फुटले होते. त्या म्हणाल्या, "लेकरा, तुझं समदं खरं हाय. पण त्या राती दगड पडायलते तवा म्या कुणाला हाक मारायची? तू तर पुण्याला व्हतास."

बैठक गप्प झाली. तो तरुणही गप्प झाला, पण त्याचा प्रश्न संपला नाही आणि संपूही नये. दोघेही बरोबर होते. पोलीस आपल्याला मारतातही आणि वेळेवर न येऊन मरूही देतात. ज्या समाजाच्या वाट्याला हे दोन्ही आले आहे, त्याने पोलिसांपासून तोंड फिरवून चालत नाही आणि डोळे झाकून पोलिसांना साधने पुरवूनही चालत नाही. आपल्याला तिसरी गोष्ट करावी लागते. आपल्या अटींवर मागावे लागते.

मुळात निधी मागायचाच का, हे आधी बघू. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना एम. एन. श्रीनिवास यांची 'प्रभुत्वशाली जात' ही संकल्पना आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. तिचा अर्थ त्या पत्र्याच्या चौकीत बसल्यावर कळला. ज्या हवालदाराकडे गाडी नाही तो घटनास्थळी कसा जातो? गावातल्या पुढाऱ्याच्या जीपमधून. त्याचा चहा कुठे होतो? त्याच पुढाऱ्याच्या ओसरीवर. चौकीचा पत्रा उडाला तर नवा कोण टाकून देतो? साखर कारखान्याचा संचालक असलेला त्याचा भाऊ. आता सांगा, ज्याच्या जीपमधून पोलीस वस्तीत उतरतात, त्याच्या पुतण्याविरुद्ध ते पंचनामा कसा लिहितील?

गरीब चौकी तटस्थ नसते, हे आपण समजून घेतले पाहिजे. सरकारने जी पोकळी ठेवली ती गावातला बलदंड भरून काढतो आणि त्याची किंमत आपण मोजतो. म्हणून चौकीला सरकारी गाडी मिळणे, सरकारी पैशातून छप्पर मिळणे, ही पोलिसांवर केलेली मेहरबानी नाही. गावगाड्याच्या दावणीतून पोलिसाला सोडवण्याची ती पहिली पायरी आहे. फक्त पहिली, कारण गाडी आली म्हणजे न्याय आला असे नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पोलीस ठाणे काही शेकडो किलोमीटर दूर नव्हते. पोलिसांना कळवलेही गेले होते. तिथे अंतर रस्त्याचे नव्हते, जातीचे होते. हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

आता पैशाकडे येऊ. 'पोलीस' हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतला विषय आहे. म्हणजे सुरक्षा देणे ही राज्य सरकारची जबाबदारी. त्यासाठी गृह विभागाचे स्वतःचे अंदाजपत्रक असते. केंद्राची पोलीस आधुनिकीकरणाची योजना असते. जिल्हा पातळीवर जिल्हा वार्षिक योजना असते. ७४ व्या घटनादुरुस्तीमुळे जिल्हा नियोजन समित्या आल्या, महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये कायदा केला. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. या जिल्हा योजनेचे तीन भाग असतात. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना. पोलिसांच्या गाड्या, शहरातले सीसीटीव्ही यांसाठी सर्वसाधारण योजनेतून पैसा दिला जातो. तुमच्या जिल्ह्यात नव्या पोलीस जीपना हिरवी झेंडी दाखवतानाचे पालकमंत्र्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. तो हाच पैसा.

याशिवाय आणखी एक दार आहे आणि ते आपल्या कार्यकर्त्यांना फारसे माहीत नसते. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा यांच्या अंमलबजावणीसाठी केंद्र पुरस्कृत योजना आहे. राज्य आपला ठरलेला बोजा उचलते आणि त्यावरच्या खर्चात केंद्र निम्मा वाटा देते. विशेष न्यायालये, पीडितांना अर्थसहाय्य, अनुसूचित जाती-जमाती संरक्षण कक्ष बळकट करणे, विशेष पोलीस ठाणी, हे सारे तिच्यात बसते. बिहार आणि मध्य प्रदेशात अशी विशेष ठाणी आहेत. आपल्या जिल्ह्यात ही योजना फक्त अर्थसहाय्याच्या धनादेशापुरती वापरली जाते का, की पोलीस यंत्रणा उभी करण्यासाठीही, हे विचारायला आपल्याला कुणी अडवलेले नाही.

आम्ही प्रस्तावाचा कच्चा आराखडा केला. चौकीला एक वाहन, पक्की खोली, महिला पोलिसांसाठी स्वच्छतागृह, मुख्य रस्त्यावर आणि पुतळ्याच्या चौकात मिळून सहा कॅमेरे. प्रस्ताव पोलीस खात्याकडूनच जावा लागतो, म्हणून निवेदन पोलिसांच्या कार्यालयात दिले, पोच घेतली, आणि मग संबंधित कार्यालयात पाठपुरावा सुरू केला. तिथल्या एका अधिकाऱ्याने फाईल चाळली, आणि अगदी हसतमुखाने सल्ला दिला.

"सर्वसाधारणमध्ये फार गर्दी आहे हो. तुमच्या लोकांसाठीच आहे ना हे? मग तुमच्याच निधीतून बसवू. वस्ती विकासात टाका, लगेच होईल."

म्हणजे काय, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची जी योजना आहे, जिला आपण सगळे अजूनही दलित वस्ती सुधार योजना म्हणतो, तिच्या पैशातून पोलिसांचे कॅमेरे लावायचे. त्या वर्षी त्याच वस्तीचे गटार आणि आतला काँक्रीट रस्ता त्या योजनेत धरलेला होता. पावसाळ्यात जिथे गुडघाभर चिखलातून बाळंतिणीला उचलून न्यावे लागते, तो रस्ता.

मोह मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. वर्षभर वाट पाहण्यापेक्षा तीन महिन्यांत कॅमेरे. वस्तीतल्या काही जणांचेही म्हणणे पडले की, "रस्ता पुढच्या वर्षी होईल, आधी जीव वाचवा." त्यांची भीती खरी होती. तरीही आम्ही नाही म्हटले. त्यामागची कारणे इथे सविस्तर मांडतो, कारण हा सल्ला तुम्हालाही मिळणार आहे, तितक्याच हसतमुखाने.

पहिले कारण. बाजारपेठेत कॅमेरे बसले तेव्हा व्यापाऱ्यांना कुणी जात विचारली नाही. त्यांना कुणी सांगितले नाही की तुमच्या समाजाच्या निधीतून बसवा. तिथे सुरक्षा ही 'जनतेची' होती. ती वस्तीच्या दारात आली की एकदम 'तुमच्या लोकांची' झाली. वस्तीतला माणूस काडेपेटीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत सगळ्यावर कर भरतो. त्या करातून सर्वसाधारण योजना भरते. म्हणजे सर्वसाधारण योजनेत देणारे आपणही आहोत, घेताना मात्र आपण विशेष ठरतो. नागरिक म्हणून मिळायचे ते जातीच्या खात्यावर लिहिणे, हीसुद्धा अस्पृश्यताच आहे. फक्त ती लेखाशीर्षात बसलेली आहे.

दुसरे कारण. उपयोजनेचा पैसा कशासाठी आला हे आपण विसरता कामा नये. १९७९-८० च्या सुमारास विशेष घटक योजना आली ती यासाठी की सर्वसाधारण विकासाचा पैसा आपल्यापर्यंत पोहोचतच नव्हता. लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा वाटा काढून ठेवा, हे त्यामागचे तत्त्व. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. हा वाटा रस्त्याला, पाण्याला, शिक्षणाला, शिष्यवृत्तीला जायचा. पण हा पैसा वळवण्याची सवय जुनी आहे. दिल्लीतल्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तिथल्या विशेष घटक योजनेचे सहाशे कोटींहून अधिक रुपये वळवले गेले आणि सरकारला ते संसदेत कबूल करावे लागले. महाराष्ट्रात २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचा निधी वळवला म्हणून त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये उपयोजनेचा पैसा राखण्यासाठी कायदे केले, तेलंगणाने २०१७ मध्ये. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा ही मागणी वर्षानुवर्षे पडून आहे. अशा राज्यात आपणच आपल्या हाताने गटाराचा पैसा पोलिसांकडे वळवला, तर उद्या मंत्रालयात बसून वळवणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने विचारणार?

तिसरे कारण इतिहासाचे आहे आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे. गावची राखण शेकडो वर्षे कुणी केली? महारांनी. गावच्या वेशीवर रात्र काढणारा वेसकर महार. चोराचा माग काढणे, सरकारी खजिन्याबरोबर चालणे, सीमेचा वाद लागला तर सीमा दाखवणे, ही कामे महारकीची. त्याबदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा आणि घरोघरची भाकर. ज्या गावाची त्याने राखण केली, त्या गावाने त्याला वेशीच्या बाहेर ठेवले. त्याच्या स्वतःच्या घराची राखण करायला कुणीच नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले ते ही वेठबिगारी मोडण्यासाठी. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडले. मग आज वस्तीला सांगणे की तुमच्या सुरक्षेचा खर्च तुम्ही तुमच्या वाट्यातून करा, हे काय आहे? पूर्वी अंगमेहनतीने गावाची राखण केली, आता गटाराच्या पैशाने स्वतःची करा, गावाने मात्र दोन्ही वेळा काहीच द्यायचे नाही! आमच्या आजोबा-पणजोबांनी राखणीची किंमत आगाऊ चुकती केली आहे. ती पुन्हा वसूल होऊ देणार नाही, असे आम्ही ठरवले.

पण पैसा कुठून यावा एवढ्यावर प्रश्न संपत नाही. आलेल्या पैशाचे पुढे काय होते? निर्भया निधी २०१३ मध्ये स्त्रियांच्या सुरक्षेसाठी उभा राहिला, सुरुवातीची तरतूद एक हजार कोटींची. त्यातून मुंबई पोलिसांनी गाड्या घेतल्या. डिसेंबर २०२२ मध्ये वर्तमानपत्रांनी उघड केले की त्यातल्या काही बोलेरो सत्ताधारी आमदार-खासदारांच्या सुरक्षेसाठी फिरत होत्या. स्त्रियांच्या नावाने आलेली गाडी पुढाऱ्याच्या ताफ्यात जाऊ शकते, तर वस्तीच्या नावाने आलेली गाडी पाटलाच्या लग्नाच्या बंदोबस्तात जायला कितीसा वेळ लागतो? म्हणून त्या तरुणाचा प्रश्न आम्ही प्रस्तावातच उतरवला. निधी मागताना अटी घातल्या.

पहिली अट, कॅमेरे बाहेर बसतील तसे आतही बसले पाहिजेत. ही आमची कल्पना नाही, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचे सविस्तर निर्देश दिले. दारे, कोठड्या, त्यांच्या बाहेरचा भाग, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागची बाजू, सगळीकडे. चित्र आणि आवाज दोन्ही. रेकॉर्डिंग अठरा महिने जपायचे, तशी सोय होत नसेल तर किमान वर्षभर. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणेदाराची. जिल्हास्तरावर देखरेख समिती. ठाण्यात कॅमेरे आहेत आणि मानवी हक्कांचा भंग झाल्यास तक्रार कुठे करायची, याचे फलक लोकांच्या भाषेत लावायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांवरून त्याच न्यायालयाला ठाण्यातल्या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणून आम्ही लिहिले की चौकाचौकात नजर ठेवायला पैसा हवा असेल, तर तालुक्याच्या ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्यांचा अहवालही त्याच फाईलला जोडा.

दुसरी अट, कॅमेऱ्याची दिशा. कॅमेरा वस्तीच्या गल्लीत डोकावणारा नको. दगड जिथून येतात त्या रस्त्याकडे त्याचे तोंड हवे.

तिसरी अट, महिला पोलिसाची नेमणूक. आठवड्यातून किमान ठराविक दिवस तरी चौकीत महिला पोलीस हवी आणि ते दिवस फलकावर लिहिलेले हवेत.

चौथी अट, वार्षिक देखभाल करार. कॅमेरे बसवून उद्घाटन होते, वर्षाने डीव्हीआर बंद पडतो, आणि नेमका घटनेच्या रात्रीचा 'डेटा उपलब्ध नाही' असे उत्तर येते. देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर तो प्रस्ताव अपुरा समजावा.

पाचवी अट, दर तीन महिन्यांनी आढावा. अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५ मधल्या नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक व्हावी लागते. नियम ३ मध्ये अत्याचारप्रवण क्षेत्रे निश्चित करणे, तिथे विशेष पोलीस दल नेमणे, ही कामे सरकारवर टाकलेली आहेत. आमचा पट्टा तसा निश्चित करा आणि गाडी, कॅमेरे यांचा वापर कसा झाला ते त्या समितीत ठेवा, अशी मागणी आम्ही केली.

इथे एक गंमत आमच्या लक्षात आली, ती तुम्हीही वापरावी. जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव जिल्हाधिकारी. दक्षता समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांवरच्या देखरेख समितीतही जिल्हाधिकारी. तिजोरी, अत्याचार आणि कॅमेरा या तिन्ही ठिकाणी तीच व्यक्ती बसते. मग "हे आमच्या अखत्यारीत येत नाही" हे उत्तर तिथे चालू शकत नाही. आम्ही तीन वेगळी निवेदने न देता एकच निवेदन दिले, त्यात तिन्ही पदांचा स्पष्ट उल्लेख केला आणि तीन आवक क्रमांक घेतले.

निकाल काय लागला? फटाके फोडण्यासारखे काही झाले नाही. मार्चअखेर सर्वसाधारण योजनेतून चौकीला एक वाहन आणि सहापैकी चार कॅमेऱ्यांना प्रशासकीय मान्यता मिळाली. पक्की खोली 'पुढील वर्षी'. महिला पोलीस आठवड्यातून दोन दिवस येऊ लागल्या, फलकावर वार लिहिले गेले. पहिल्याच महिन्यात दोन बाया आपणहून तक्रार घेऊन गेल्या. त्यातली एक तक्रार वस्तीतल्याच नवऱ्याविरुद्ध होती. काही पुरुषांना ते रुचले नाही. आम्हाला रुचले, कारण सुरक्षा मागायची तर ती घरातल्या बाईचीही मागितली पाहिजे.

कॅमेरे बसवायला ठेकेदाराची माणसे आली तेव्हा पुतळ्याजवळच्या खांबावरच्या कॅमेऱ्याचे तोंड थेट वस्तीच्या गल्लीकडे लावलेले होते. विचारले तर म्हणाले, "आम्हाला असेच सांगितले आहे." कुणी सांगितले, ते त्यांना आठवत नव्हते. प्रस्तावाची प्रत दाखवली, दुसरी अट दाखवली, आणि त्याच दिवशी तोंड फिरवून घेतले. बैठकीत ताडकन उठलेला तो पदवीधर तरुणच शिडी धरून उभा होता. अट लिहिलेली नसती तर आपल्या नावावर आलेला कॅमेरा आपल्यावरच पहारा देत बसला असता.

ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्यांचा अहवाल अजून आलेला नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे, अपिलाची तयारी ठेवली आहे. आणि वस्तीच्या गटाराचे काम पावसाळ्याआधी झाले, त्याच वस्ती विकास निधीतून, ज्याला आम्ही हात लावू दिला नाही.

तरुण मित्रांनो, १९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे निवेदन दिले, त्यात सामाजिक बहिष्कार हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवावा आणि सरकारी नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व मिळावे अशा मागण्या होत्या. ब्रिटिशांची यंत्रणा आपली नव्हती, सवर्णांची तर नव्हतीच. तरीही बाबासाहेबांनी राज्यसंस्थेकडे पाठ फिरवली नाही. तिच्यासमोर अटी ठेवल्या. आज ती राज्यसंस्था संविधानाने आपली आहे, निदान कागदावर. तो कागद चौकीपर्यंत पोहोचवायचा असेल तर घोषणा आणि मोर्चा यांच्याबरोबर अंदाजपत्रक वाचायला शिकावे लागेल. प्रस्ताव कुणाकडून जातो, लेखाशीर्ष कोणते, मान्यता कधी मिळते, मार्चमध्ये कुणाचा पैसा परत जातो, हे ज्याला कळते त्याला कचेरीत कुणी सहज हाकलू शकत नाही.

तुमच्या तालुक्यात चौकीसाठी, गाडीसाठी, कॅमेऱ्यासाठी निधी मागण्याची वेळ आली तर जरूर मागा. लाजू नका. पण कागदावर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा पैसा कुणाच्या वाट्यातला आहे? आणि त्यातून विकत घेतलेली वस्तू कुणावर नजर ठेवणार आहे? दोन्ही उत्तरे लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला पोच मिळत नाही.

जय भीम.